गालाच्या पेशीतला मायक्रोन्यूक्लियस कसा मोजायचा

गालाच्या आतल्या बाजूने ब्रश फिरवला, निघालेल्या पेशी रंगवल्या आणि १००० पट मोठ्या करून पाहिल्या, की हजारात एखाद्या पेशीत मुख्य केंद्रकाशेजारी त्याच रंगाचा एक बारीक गोल ठिपका दिसतो, ताटाशेजारी वाटी ठेवावी तसा. हा मायक्रोन्यूक्लियस. त्या पेशीच्या गुणसूत्रांत कधीतरी मोडतोड किंवा चुकीची वाटणी झाली होती, याची ती खूण. ही चाचणी करायला सुई, रक्त किंवा पेशी वाढवायला इनक्युबेटर लागत नाही. सेंट्रिफ्यूज, पाच-सहा कॉप्लिन जार (स्लाइड उभ्या बुडवायच्या खाचांच्या बरण्या) आणि ऑइल इमर्शनचा बरा सूक्ष्मदर्शक असलेल्या इंदूरच्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट म्हणून ती होऊ शकते. गुटखा आणि सुपारीच्या या मुलखात विषयाला तोटा नाही.

सोपी दिसते म्हणूनच ती बिघडते. जिम्साची बाटली हाताशी असते म्हणून तोच रंग वापरला जातो. मग केराटोहायलिन या पेशीतल्याच प्रथिनाचे कण, तोंडातले जिवाणू, अन्नाचा गाळ असं सगळंच निळं-जांभळं होतं आणि प्रत्येक ठिपका मायक्रोन्यूक्लियस म्हणून वहीत चढतो. पुढे दिलेल्या पायऱ्यांतली निम्मी मेहनत हे खोटे ठिपके बाहेर ठेवण्यासाठीच आहे.

ठिपका येतो कुठून

गालाच्या अस्तरात विभाजन होतं ते तळाच्या थरात. त्या वेळी गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात. एखादं गुणसूत्र तुटलं आणि तुकड्यात सेंट्रोमिअर उरला नाही, तर ओढणाऱ्या तंतूंना त्याला धरायला जागाच नसते. कधी सबंध गुणसूत्रच चुकीच्या तंतूंना अडकून रेंगाळतं. मागे राहिलेल्या या ऐवजाभोवती स्वतंत्र आवरण तयार होतं आणि नव्या पेशीत एकाऐवजी दोन केंद्रकं येतात, एक मोठं, एक चिमुकलं.

हे छोटं आवरण कच्चं असतं. त्यात लॅमिन बी१ हे आधार देणारं प्रथिन कमी पडतं आणि ते फाटतं, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. २०१५ मध्ये एकेका पेशीवर नजर ठेवून नंतर तिचा जीनोम वाचला गेला, तेव्हा मायक्रोन्यूक्लियसमध्ये अडकलेल्या गुणसूत्राच्या चिंध्या होऊन त्या वेड्यावाकड्या जोडल्या जातात हे दिसलं. याला क्रोमोथ्रिप्सिस म्हणतात. कर्करोगाच्या पेशींत ही अवस्था २०११ मध्येच सापडली होती. ती कशी घडते याचा एक मार्ग आता हाती आला. २०१७ मध्ये आणखी एक धागा जुळला. विषाणूचा डीएनए ओळखणारं सीजीएएस हे प्रथिन फाटलेल्या मायक्रोन्यूक्लियसमध्ये शिरतं आणि घरातल्याच डीएनएला परका समजून दाहाची साखळी सुरू करू शकतं. २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या दोन शोधनिबंधांनी आवरण फाटण्याचं एक कारण दाखवलं. माइटोकॉन्ड्रियातून येणारे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू या आवरणाची डागडुजी करणारी यंत्रणाच बिघडवतात.

प्रस्तावनेत हे सगळं लिहा, पण हात राखून. केंद्रकातल्या हिस्टोन या प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनए सीजीएएसला दाबून ठेवतो हे २०२० मधल्या रचना-अभ्यासांतून दिसलं आहे. त्यामुळे 'मायक्रोन्यूक्लियस म्हणजे दाह' असं सरळ समीकरण मांडलंत तर जाणता परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल. शिवाय हे काम बहुतांशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झालं आहे. गालावरून खरवडलेली पेशी ही विभाजन थांबवलेली, वर सरकत आलेली पेशी आहे.

वर सरकण्याला साधारण ७ ते २१ दिवस लागतात. आज स्लाइडवर दिसणारी मोडतोड एक ते तीन आठवड्यांपूर्वीची असते. म्हणून कुणी काल तंबाखू सोडली तर आजच्या नमुन्यात फरक दिसणार नाही, आणि परवाच्या लग्नात पहिल्यांदा गुटखा खाल्ला असेल तर तोही नाही. आधी-नंतर अशी तुलना करायची असेल, तर दोन नमुन्यांत किमान तीन आठवडे जाऊ द्या. तोंड भाजलं असेल, फोड आले असतील (सराफा या इंदूरच्या खाऊबाजारातल्या कढईतून थेट तोंडात गेलेल्या घासाचं हे नेहमीचं फळ), तरीही तेवढंच थांबा.

माणसं निवडताना

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती आधी घ्या. संमतीपत्र समोरच्याला वाचता येईल त्या भाषेत हवं. इंदूरमध्ये हिंदी प्रत लागतेच, मराठी ठेवली तर उत्तम.

प्रश्नावलीत सगळ्यात जास्त गफलत सुपारीत होते. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन तळहातावर एकत्र करणारा माणूस 'गुटखा खाता का?' या प्रश्नाला खुशाल 'नाही' म्हणतो. दुसरीकडे रामबागेतले एखादे आजोबा 'मला कसलंही व्यसन नाही' असं सांगतात आणि जेवणानंतर अडकित्ता काढतात. त्यांच्या लेखी ती मुखशुद्धी. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही २००४ मध्ये पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं आहे. हे आजोबा तुमच्या 'निर्व्यसनी' गटात बसले, तर तुलनाच कोसळते. म्हणून व्यसन हा शब्द न वापरता विचारा: 'आजोबा, जेवणानंतर काय घेता? दिवसातून किती वेळा? कुठल्या गालात धरता?' तंबाखू, सुपारी, पानमसाला, मिश्री, बिडी-सिगारेट, दारू यांचे रकाने वेगळे ठेवा. गेल्या महिन्यातला दातांचा एक्स-रे विचारा. किरणांनीही मायक्रोन्यूक्लियस वाढू शकतात. वयाची जोडी दोन्ही गटांत पाच वर्षांच्या आत जुळवा.

नमुना आणि धुणं

बफर आधी करून ठेवा. एक लिटरसाठी ट्रिस हायड्रोक्लोराइड १.५८ ग्रॅम, ईडीटीएचं टेट्रासोडियम क्षार ३८ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड १.१७ ग्रॅम. डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.० वर आणा आणि ऑटोक्लेव्ह करा. बाटलीवरचं नाव नीट वाचा. डायसोडियम ईडीटीए असेल तर ३७.२ ग्रॅम लागेल आणि द्रावण उलट आम्लधर्मी होईल, मग पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने वर न्यावा लागेल. ईडीटीएचं काम इथे महत्त्वाचं आहे. लाळेतली डीएनए तोडणारी विकरं ते निकामी करतं. साध्या सलाइनमध्ये पेशी तासभर ठेवल्या, तर केंद्रकं फिकी आणि विरलेली दिसू लागतात.

समोरच्याला साध्या पाण्याने दोनदा खळखळून चूळ भरायला सांगा. लहान मुलांचा, मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा टूथब्रश घ्या. गालाच्या मधोमध टेकवून गोल गोल २० फेरे मारा, दर फेऱ्याला वर्तुळ थोडं मोठं करत. दाब इतकाच, की गाल बाहेरून हलताना दिसावा. रक्त आलं तर तो नमुना टाकून द्या, कारण पांढऱ्या पेशींच्या खंडित केंद्रकांनी स्लाइड भरते. दुसऱ्या गालासाठी दुसरा ब्रश. दोन्ही २० मिली बफरमध्ये हलवून झटका. पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ व्हायला हवं.

आता ५८१ जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५८१ पट जोरावर, १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. आपल्याकडच्या जुन्या यंत्रांवर जी नसतो, फक्त फेरे असतात. मध्यापासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर १० सेंमी असेल तर मिनिटाला सुमारे २,२८० फेरे, १२ सेंमीला २,०८०, १५ सेंमीला १,८६०. वरचं पाणी काढून सुमारे १ मिली ठेवा, ५ मिली ताजं बफर घाला, हलवा आणि पुन्हा फिरवा. असं तीनदा. दुसरं धुणं वाचवायचा मोह होतो, पण जिवाणू निघतात ते याच पायरीत.

तळाचा थर पांढरट आणि मऊ असेल तर ठीक. पिवळट आणि ताणला जाणारा असेल तर त्यात शेंबडासारखा चिकटा आहे. १८ गेजच्या सुईतून पाच-सहा वेळा हळूहळू ओढा-सोडा आणि १०० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळा. मग न्यूबावर चेंबरमध्ये (चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचपट्टीवर) मोजा. मिलीलिटरला सुमारे ८०,००० पेशी हव्यात, म्हणजे चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांत मिळून ३२. यापेक्षा दाट झालं तर पेशी एकमेकींवर चढतात आणि शेजारणीचा तुकडा हिच्या अंगणात दिसतो.

सायटोस्पिन (पेशी फिरवून थेट स्लाइडवर बसवणारं यंत्र) असेल तर १२० मायक्रोलिटर, ६०० फेरे, ५ मिनिटं. नसेल तर स्लाइडवर मेणाच्या पेन्सिलीने एक सेंटिमीटरचं वर्तुळ काढून त्यात १०० मायक्रोलिटर सोडा आणि सपाट टेबलावर, पंखा बंद ठेवून वाळू द्या. वाळल्यावर तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्लात १० मिनिटं. हे मिश्रण त्या दिवशीच करा. ठेवून दिलं की दोन्हींच्या संयोगातून इथाइल ॲसिटेट तयार होतं. बाटली उघडल्यावर नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास आला, की ओतून द्या.

रंग: इथेच बाजी लागते

फॉयलगनची पद्धत वापरा. १९२४ मध्ये रॉबर्ट फॉयलगन यांनी ती दिली आणि शंभर वर्षांनंतरही या कामात तिला तोड नाही. ५ मोलर आम्ल डीएनएतले प्युरीन बेस उडवतं, खालच्या शर्करेचा अल्डिहाइड गट उघडा पडतो आणि शिफचं द्रावण त्याला धरून गुलाबी-किरमिजी होतं. आरएनए, केराटोहायलिन आणि अन्नाचे कण यांना ही किमया जमत नाही. जिम्सातले बहुतेक खोटे ठिपके इथे आपोआप गळतात.

क्रम असा: ५० टक्के इथेनॉल १ मिनिट, २० टक्के १ मिनिट, डिस्टिल्ड पाणी २ मिनिटं. ५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३० मिनिटं. वाहत्या पाण्यात ३ मिनिटं. शिफचं द्रावण अंधारात ६० मिनिटं. वाहत्या पाण्यात ५ मिनिटं, मग डिस्टिल्ड. ०.२ टक्के लाइट ग्रीन (बाकीची पेशी हिरवी करणारा रंग) ३० सेकंद, पाण्यात खळबळून धुणं, वाळवण, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवणारा पारदर्शक द्रव) आणि कव्हरस्लिप. ३५ टक्क्यांच्या आम्लाच्या बाटलीतून १०० मिली ५ मोलर करायला ४४ मिली लागतं, ३७ टक्क्यांच्या बाटलीतून ४२ मिली. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात आम्ल सोडायचं, उलट नाही.

या आम्लाची ३० मिनिटं 'खोलीच्या तापमानाला' असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ती खोली २० ते २५ अंशांची धरलेली आहे. मे महिन्यात इंदूरला एसी नसलेल्या प्रयोगशाळेत दुपारी पारा ३८ वर असतो. तिथे तीच ३० मिनिटं जास्त होतात, डीएनए धुपून जातो आणि केंद्रकं धुतलेल्या फडक्यासारखी फिकी पडतात. जानेवारीच्या सकाळी उलट घडतं. बेस पुरेसे उडत नाहीत आणि रंग चढतच नाही. जार २५ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ठेवा. पाणी तेवढं गार होत नसेल तर थोडा बर्फ घालून थर्मामीटरवर लक्ष ठेवा. तेही जमत नसेल तर आदल्या दिवशी एकाच नमुन्याच्या चार स्लाइड १५, २०, २५ आणि ३० मिनिटांना काढून सर्वांत गडद कुठली ते पाहा. मात्र एका प्रोजेक्टमधल्या सगळ्या स्लाइड एकाच तापमानाला आणि एकाच वेळेने व्हायला हव्यात. खाणाऱ्यांच्या एप्रिलमध्ये आणि न खाणाऱ्यांच्या जानेवारीत रंगवल्या, तर मोजला जाईल तो ऋतू.

शिफची बाटली फ्रीजमध्ये, काळ्या कागदात. ताजं द्रावण रंगहीन किंवा फिकट पेंढ्यासारखं असतं आणि नाकाला गंधकाचा झणका देतं. गुलाबी झालं किंवा वास गेला की ते मेलं. खात्रीसाठी थोड्या फॉर्मेलिनमध्ये दोन-चार थेंब टाका. लगेच लालसर जांभळं झालं तर चांगलं. रेंगाळत निळसर झालं तर नवी बाटली. सगळी स्लाइडच गुलाबी पडली तर शिफनंतर ०.५ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटच्या ताज्या, किंचित आम्लधर्मी द्रावणात दोन-दोन मिनिटांचे तीन हात द्या. सुटा रंग निघून जातो. शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं. नर्मदेच्या नळाचं पाणी मधल्या धुण्याला चालतं, पण बोअरिंगचं जड पाणी वाळताना क्षारांचे चमकते स्फटिक मागे ठेवतं, आणि थकलेल्या डोळ्याला तेही ठिपके वाटतात.

प्रत्येक फेरीत दोन जादा स्लाइड ठेवा. एक आम्लाऐवजी पाण्यात ठेवलेली. तिच्यात केंद्रक गुलाबी दिसलं तर रंग डीएनएला नव्हे, भलत्यालाच लागतोय. दुसरी कोंबडीच्या रक्ताची. पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं आणि सगळी सारखी असतात, त्यामुळे रंग चढला की नाही ते एका नजरेत कळतं. कोंबडीचं रक्त नको असेल तर कांद्याच्या मुळाचं टोक.

मोजणी

मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कुणाची हे माहीत नसावं. दुसऱ्याने लेबलांवर सांकेतिक क्रमांक लावून यादी कुलपात ठेवावी. 'हा दिवसाला वीस पुड्या खातो' हे माहीत असलेल्या माणसाला ठिपके जास्त दिसतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

४०० पटीवर शोधा, १००० पटीवर खात्री करा. पेशी अखंड, सपाट, कडा दुमडलेली नाही, केंद्रक गुळगुळीत आणि शाबूत असेल तरच मोजणीत घ्या. अशा २,००० पेशी. ठिपका मायक्रोन्यूक्लियस ठरायला सगळ्या अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: गोल किंवा लंबगोल, व्यास मुख्य केंद्रकाच्या १/३ ते १/१६, रंग आणि पोत केंद्रकासारखाच, केंद्रकापासून सुटा, आणि बारीक स्क्रू फिरवला तरी दोघं एकाच वेळी स्पष्ट होणारे. ही शेवटची अट लोक विसरतात. केंद्रक नितळ दिसत असताना ठिपका धूसर असेल तर तो पेशीच्या आत नाही, वर बसलेला आहे.

फॉयलगनलाही फसवणारे दोन आहेत. एक जिवाणू, कारण डीएनए त्यांच्यातही असतोच. ते १/१६ या खालच्या मापाच्या आसपासचे, सारख्या आकाराचे, जोडीने किंवा माळेने आणि पेशीबाहेरही विखुरलेले असतात. शंका आली की पेशीच्या बाहेरच्या जागेकडे पाहा. दुसरी मरणारी पेशी. तिचं केंद्रक आधी गच्च होतं किंवा गाठोडी-गाठोडी होतं, मग फुटून तुकडे होतात आणि शेवटी नुसतं पिवळट-हिरवं भूत उरतं. तुकड्यांची अवस्था म्हणजे कॅरिओरेक्सिस. तिथे पाच-सात ठिपके असतात आणि मुख्य केंद्रकही धड नसतं. ही पेशी वेगळ्या रकान्यात जाते. सुरुवातीच्या १,००० पेशींत प्रत्येक प्रकार वेगळा नोंदवा. मानेने केंद्रकाला चिकटलेली कळीही वेगळी. ती मायक्रोन्यूक्लियसमध्ये मिसळू नका.

दोघांनी मोजा. पहिल्या पाच स्लाइड दोघांनी स्वतंत्र मोजून आकडे शेजारी ठेवा आणि जमत नसेल तर एकत्र बसून वादाच्या पेशी पाहा. हा वाद पहिल्या आठवड्यातच झालेला बरा.

आकड्याचं वजन

निरोगी, संपर्कात न आलेल्या लोकांत हजार पेशींमागे साधारण ०.३ ते १.७ मायक्रोन्यूक्लियस असतात. समजा एखाद्याचा खरा दर हजारी १ आहे. २,००० पेशींत अपेक्षा दोनची. पण योगायोगाच्या गणिताने अशा माणसाच्या शंभरातल्या १३-१४ स्लाइडवर एकही सापडणार नाही आणि पाचेक स्लाइडवर पाच किंवा जास्त सापडतील. म्हणजे एका माणसाचा शून्य हा दिलासा नव्हे आणि पाच ही धोक्याची घंटा नव्हे. गटाचं मात्र वेगळं. ३० जणांच्या गटात ६०,००० पेशी होतात. हजारी १ दराला ६० आणि हजारी २ ला १२० अपेक्षित. हा फरक योगायोगात लपत नाही. विश्लेषणात सरासरी आणि टी-टेस्ट न लावता पॉयसन किंवा निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल लावा. मोजणीचे विरळ आकडे घंटेच्या आकाराचे नसतात. आणि तुमच्या न खाणाऱ्या गटाचा दर हजारी ५-६ आला तर आनंदाने थिसिस टाइप करायला बसू नका. स्लाइडकडे परत जा, बहुधा धुणं किंवा निकष सैल आहेत.

नमुना देणारा विचारणारच, 'माझं काय आलं?' त्याला आकडा सांगू नका, कारण एकट्या माणसासाठी या आकड्याला रोगनिदानाचा अर्थ नाही, हे संमतीपत्रातच लिहून ठेवा. मात्र ब्रश फिरवताना तोंडात जे दिसलं ते सांगायलाच हवं. दोन आठवड्यांहून जुना लाल किंवा पांढरा चट्टा, न भरणारी जखम, किंवा स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जात नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड. शेवटचं लक्षण सुपारीने होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिसचं, म्हणजे तोंडाचं अस्तर कडक होत जाण्याच्या रोगाचं असू शकतं. अशाला दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत त्याच आठवड्यात पाठवा. तिथला बायोप्सीचा निकाल जे सांगेल ते तुमच्या दोन हजार पेशी सांगू शकत नाहीत.

वापरलेले प्लास्टिकचे ब्रश लाल पिशवीत, फुटलेल्या स्लाइड निळ्या डब्यात. बाकीच्या स्लाइड डीपीएक्सखाली, उजेडापासून दूर ठेवल्या तर रंग वर्षानुवर्षं टिकतो. परीक्षकाने 'अमुक क्रमांकाची दाखवा' म्हटलं, की काढून देता यायला हवी. प्रत्येक खऱ्या मायक्रोन्यूक्लियसची जागा मायक्रोस्कोपच्या स्टेजवरच्या दोन्ही पट्ट्यांवरून वहीत लिहून ठेवली असेल, तर ती पेशी दोन मिनिटांत पुन्हा समोर येते.